वाचकांचे प्रश्न : निवांत चालीची मोटरसायकल घ्यावी की वेगाची?

जुन्या घडणीच्या, सरळ बसून चालवायच्या साडेतीनशे सीसी मोटरसायकली आणि पुढे झुकून चालवायच्या वेगवान स्पोर्ट्‌स बाइक यांतून निवड कशी करावी, हा विषय या वेळच्या बहुतेक पत्रांत आहे. म्हणून सदराची सगळी जागा त्यालाच दिली आहे. पत्रे संक्षिप्त केली असून पत्रलेखकांची नावे न देता केवळ गावे दिली आहेत.

प्रश्न (सातारा) : माझे वय एकेचाळीस आहे. गेली काही वर्षे मी ३७३ सीसीची, पुढे झुकून चालवायची स्पोर्ट्‌स बाइक वापरतो आहे. नोकरीनिमित्त अधूनमधून पुण्याला जावे लागते आणि सुट्टीच्या दिवशी कास, मेढा, महाबळेश्वर असे फिरणे होते. अलीकडे मनगटे आणि मान दुखू लागली आहे. रॉयल एनफिल्डच्या क्लासिक ३५० सारखी गाडी घ्यावी असे मनात आहे. परंतु मित्र म्हणतात की त्रेचाळीस अश्वशक्तीची सवय लागलेल्या माणसाला वीस अश्वशक्तीची गाडी महिन्याभरात विकावीशी वाटेल. त्यांचे म्हणणे कितपत खरे आहे?

उत्तर : आकड्यांपुरते पाहिले तर आपल्या मित्रांचे म्हणणे खरे आहे. आपल्या गाडीचे इंजिन मिनिटाला सुमारे नऊ हजार फेऱ्यांवर ४३ अश्वशक्तीच्या आसपास ताकद देते. २०२१ साली आलेल्या नव्या क्लासिक ३५० चे ३४९ सीसीचे इंजिन ६,१०० फेऱ्यांवर २०.२ अश्वशक्ती देते, आणि ही गाडी १९५ किलो वजनाची, म्हणजे आपल्या गाडीपेक्षा वीस-पंचवीस किलोंनी जड आहे. ताकद निम्म्याहून कमी आणि वजन मात्र जास्त, असा हा हिशेब असल्यामुळे सिग्नल सुटल्यावर किंवा महामार्गावर नव्वदच्या पुढे या दोन गाड्यांची बरोबरी होणार नाही. परंतु हा फरक नेमका कशातून येतो हे समजून घेतले, तर ही गाडी आपल्याला कंटाळवाणी वाटेल की नाही हे आपले आपल्यालाच ठरवता येईल.

दोन्ही इंजिने एकाच सिलिंडरची आणि जवळपास सारख्याच क्षमतेची आहेत. त्यांची घडण मात्र अगदी निराळी आहे. आपल्या गाडीच्या सिलिंडरचा व्यास ८९ मिलिमीटर आणि पिस्टनचा स्ट्रोक, म्हणजे वरून खाली येण्याचे अंतर, ६० मिलिमीटर आहे, तर क्लासिकचा व्यास ७२ आणि स्ट्रोक ८५.८ मिलिमीटर आहे. इंजिनाच्या प्रत्येक फेऱ्यात पिस्टन एकदा वर आणि एकदा खाली जातो, म्हणजे स्ट्रोकच्या दुप्पट अंतर कापतो. त्या हिशेबाने क्लासिकचा पिस्टन ६,१०० फेऱ्यांवर सेकंदाला सरासरी साडेसतरा मीटर पळत असतो आणि आपल्या गाडीचा पिस्टन नऊ हजार फेऱ्यांवर अठरा मीटर. पिस्टनच्या धावेकडे पाहिले तर दोन्ही इंजिने सारखेच कष्ट घेत असतात. लांब स्ट्रोकचे इंजिन ती मर्यादा कमी फेऱ्यांतच गाठते. त्याच्या बदल्यात क्लासिकचा सर्वाधिक टॉर्क (म्हणजे इंजिनाचा फिरवण्याचा जोर), २७ न्यूटन-मीटर, चार हजार फेऱ्यांवरच हाती येतो, तर आपल्या गाडीचा ३७ न्यूटन-मीटर टॉर्क मिळवायला सात हजार फेऱ्यांपर्यंत जावे लागते. फिरण्याची गती टिकवून धरणाऱ्या जड चाकामुळे, म्हणजे फ्लायव्हीलमुळे, क्लासिक कमी फेऱ्यांवरही गाडीला शांतपणे ओढत राहते. आपल्या गाडीला वरच्या गिअरमध्ये तीन हजारांच्या खाली ठेवले तर चेन खडखडते आणि गाडी हिसके देते, हे राजवाड्याजवळच्या गर्दीत आपण नेहमीच अनुभवत असाल.

आता गाडी कोणत्या रस्त्यांवर चालणार आहे ते पाहू, कारण माझ्या मते सगळा निर्णय तिथेच आहे. केंद्र सरकारच्या २०१८ च्या अधिसूचनेनुसार दुचाकीला दुभाजक असलेल्या चौपदरी महामार्गावर ताशी ८० आणि इतर रस्त्यांवर ताशी ६० किलोमीटर ही कमाल मर्यादा आहे. मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर तर दुचाकींना प्रवेशच नाही. केळघर किंवा पसरणी घाटात बहुतेक वळणांवर चाळीसच्या पुढे जाणेही शहाणपणाचे नसते. आपली सध्याची गाडी नुसत्या तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण फिरवली तरी ती या सगळ्या मर्यादांच्या पलीकडे जाते. म्हणजे ज्या फेऱ्यांसाठी ते इंजिन घडवले आहे, तिथे आपल्या रस्त्यांवर आपण त्याला काही क्षणच नेऊ शकता आणि बाकीचा सगळा वेळ त्याला आवरून धरण्यात जातो. क्लासिकवर याच्या उलट घडते. केळघर घाट चढताना दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये थ्रॉटल पूर्ण उघडता येतो, इंजिन आपली सारी ताकद लावते, ठोके भरदार होतात, आणि वेगाचा काटा पन्नाशीच्या आसपासच असतो. गाडी तिच्या पूर्ण सामर्थ्यानिशी आणि तरीही नियमात राहून चालवता येणे, यात फार मोठे समाधान आहे असे मी मनापासून मानतो. ज्यांना हे समाधान कळते ते महिन्याभरात गाडी विकत नाहीत. ज्यांना वेग वाढताना छातीत होणारी धडधड हवी असते, ते विकतात, आणि त्यात त्यांची काही चूक नाही.

पुणे–सातारा महामार्गाबद्दल मात्र आपल्याला सावध करणे भाग आहे. पुण्याहून साताऱ्याकडे येताना खंबाटकीचा चढ लागतो आणि तिथे मालाने भरलेल्या ट्रकांच्या रांगा सरपटत असतात. आपली सध्याची गाडी मनगट जरासे वळवताच त्या रांगेच्या पुढे जाते. क्लासिकवर आधी एक गिअर उतरवावा लागेल, पुढची मोकळी जागा दुरूनच हेरावी लागेल, आणि ती पुरेशी नसेल तर ट्रकच्या मागे थांबून राहण्याची तयारी ठेवावी लागेल. हा संयम ज्याच्याकडे नाही त्याने कमी ताकदीच्या गाडीवर ओव्हरटेक करणे जास्त धोक्याचे असते, कारण चूक सुधारायला लागणारी शिल्लक ताकद त्या गाडीत नसते. सपाट रस्त्यावर ताशी सत्तर-ऐंशीला क्लासिक दिवसभर समाधानाने चालेल. तिच्या नव्या इंजिनात कंप शमवणारा बॅलन्सर शाफ्ट असल्यामुळे जुन्या बुलेटसारखी हातापायांना झिणझिण्या आणणारी थरथरही उरलेली नाही.

मनगटांच्या दुखण्याविषयी थोडे सविस्तर लिहितो. स्पोर्ट्‌स बाइकचे खाली बसवलेले हँडल आणि मागे घेतलेले फुटरेस्ट ही बैठक मोठ्या वेगासाठी आखलेली आहे. शंभराच्या पुढे समोरचा वारा छातीला आधार देतो आणि हातांवरचा भार हलका होतो. ताशी तीस-चाळीसला तो वारा नसतो, त्यामुळे शरीराच्या वरच्या भागाचे वजन थेट तळहातांवर येते आणि रस्ता पाहण्यासाठी मान सतत वर उचलून धरावी लागते. आपले दुखणे बहुधा वेगातून आलेले नसून शहरातल्या संथ चालीतून आले आहे. सरळ बैठकीत ते कमी व्हावे. परंतु सरळ बसल्यावर खड्ड्याचा दणका माकडहाडावरून थेट पाठीच्या कण्यात जातो, आणि मागच्या दोन शॉकॲब्सॉर्बरची चाल मर्यादित असल्यामुळे तो पुरता जिरत नाही. ज्यांची कंबर आधीच दुखरी आहे अशा माणसाला ही बैठक कधी कधी जास्त त्रासदायक ठरते. शिवाय करंगळीला किंवा अंगठ्याशेजारच्या बोटांना वारंवार मुंग्या येत असतील, तर तो नसेवरच्या दाबाचा प्रश्न असू शकतो. त्यासाठी गाडी बदलण्याआधी अस्थिरोगतज्ज्ञांना भेटावे.

माझे मत विचाराल तर आपल्या फिरण्याचा मोठा भाग घाटांचा आणि लहान रस्त्यांचा असल्यामुळे क्लासिक आपल्याला मानवेल असे वाटते. तरीही विक्रेत्याकडच्या दहा मिनिटांच्या फेरीवर विसंबू नये. एखाद्या परिचिताची गाडी अर्धा दिवस मागून घ्यावी, खंबाटकी चढून उतरावी, आणि मगच आपली जुनी गाडी विकायला काढावी.

प्रश्न (पुणे) : माझा मुलगा अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. त्याला १५५ सीसीची, शर्यतीच्या गाडीसारखी दिसणारी स्पोर्ट्‌स बाइक हवी आहे. त्यापेक्षा सावकाश चालणारी, जुन्या पद्धतीची साडेतीनशे सीसी गाडी घेऊन दिली तर तो सुरक्षित राहील, असे मला वाटते. माझा विचार योग्य आहे का?

उत्तर : ताई, आपली काळजी रास्त आहे, परंतु संथ दिसणारी गाडी सुरक्षित असते, हे गृहीत मात्र तपासून पाहायला हवे.

आपला मुलगा यामाहा आर-१५ किंवा तशाच गाडीबद्दल बोलत असावा. तिचे इंजिन सुमारे १८ अश्वशक्तीचे आहे आणि क्लासिक ३५० चे वीस, म्हणजे कमाल ताकदीत फारसा फरक नाही. फरक आहे तो ती ताकद केव्हा मिळते यात. आर-१५ ची ताकद दहा हजार फेऱ्यांवर मिळते आणि तिचा १४.२ न्यूटन-मीटर टॉर्क साडेसात हजारांवर. चार हजार फेऱ्यांचा हिशेब केला तर क्लासिक त्या ठिकाणी सुमारे पंधरा अश्वशक्ती देत असते, आणि आर-१५ चा सगळा टॉर्क तिथेच मिळतो असे मानले तरी तिची ताकद आठ अश्वशक्तीच्या वर जात नाही. सिग्नलवरून निघताना नवख्याने थ्रॉटल चुकून जास्त पिळला, तर आपण जिला सावकाश समजता ती गाडी कमी फेऱ्यांतच जास्त जोर लावेल. त्यात ती पन्नासहून अधिक किलोंनी जड आहे. कर्वे रस्त्याच्या गर्दीत पाय टेकवत पुढे सरकणे, उतारावर गाडी मागे ढकलणे, वाळूवर चाक घसरले तर ती पेलणे, हे सारे एकशे चाळीस किलोंच्या गाडीवर सोपे आणि एकशे पंचाण्णव किलोंच्या गाडीवर अवघड जाते.

आपल्या बाजूने बोलणाऱ्या गोष्टीही आहेत आणि त्या महत्त्वाच्या आहेत. जास्त फेऱ्यांचे इंजिन चालवणाऱ्याला फेरे वाढवायला खुणावत असते, कारण त्याची खरी मजा वरच असते. लांब स्ट्रोकचे इंजिन लवकर गिअर वाढवून सावकाश जाणाऱ्याला सुख देते. सरळ बसलेल्या चालकाला गाड्यांच्या टपांवरून पुढचा रस्ता दिसतो आणि मान वळवून मागचे पाहणे सोपे जाते. शिवाय आर-१५ चा कमाल वेग क्लासिकपेक्षा बराच जास्त आहे. वेगाचा परिणाम थांबण्याच्या अंतरावर किती होतो तेही पाहावे. कोरड्या, चांगल्या रस्त्यावर दोन्ही ब्रेक नीट लावले तर ताशी साठला ब्रेक लागल्यापासून सुमारे वीस मीटरमध्ये गाडी थांबते, ऐंशीला पस्तीस मीटर लागतात आणि शंभराला पंचावन्न. भान येऊन ब्रेक दाबेपर्यंतच्या एका सेकंदात शंभराच्या वेगाने आणखी अठ्ठावीस मीटर निघून जातात, ते निराळेच.

तरीही मुलाच्या मनाविरुद्ध संथ गाडी घेऊन देणे मला पटत नाही. वेगाची हौस असलेला तरुण ती हौस संथ गाडीवरही भागवतो, आणि त्या गाडीचे फुटरेस्ट वळणात लवकर घासतात, वजन जास्त असते, सस्पेन्शन मऊ असते. शर्यतीच्या आकाराची गाडी वळणात जेवढी चूक पोटात घालते तेवढी ही घालत नाही. त्याने आजवर केवळ स्कूटर चालवली असेल, तर पहिले वर्ष १२५ ते १६० सीसीच्या साध्या, सरळ बैठकीच्या मोटरसायकलवर काढावे, हे सर्वांत उत्तम. ते त्याला मान्य नसेल तर १५५ सीसीची गाडी द्यावी, पण अटी घालून. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या सर्व नव्या दुचाकींना एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, सक्तीचे आहे. त्यातही दोन्ही चाकांना एबीएस असलेलीच घ्यावी. आयएसआय चिन्हाचे पूर्ण चेहरा झाकणारे हेल्मेट, बोटे झाकणारे हातमोजे आणि घोट्याच्या वर जाणारे बूट यांचा खर्च गाडीच्या किमतीतच धरावा. पहिले सहा महिने मागे कोणालाही बसवायचे नाही, ही अट त्याला जाचक वाटेल, परंतु ती घालावीच. मागच्या माणसाचे वजन आल्यावर गाडीचे वळणे आणि थांबणे दोन्ही बदलते, आणि मित्र मागे बसला की स्वतःवरचा ताबाही बदलतो.

प्रश्न (ठाणे) : जुन्या वळणाचा देखणेपणाही हवा आणि चाळीस अश्वशक्तीही हवी, अशा माणसाने काय घ्यावे? दोन्हीचा मेळ घालणाऱ्या गाड्या आता मिळतात असे ऐकतो.

उत्तर : मिळतात. बजाजच्या भागीदारीत चाकणला तयार होणारी, जुलै २०२३ मध्ये आलेली ट्रायम्फ स्पीड ४०० हे त्याचे ठळक उदाहरण आहे. गोल दिवा, साधी टाकी आणि सरळ बैठक असूनही तिचे ३९८ सीसीचे इंजिन आठ हजार फेऱ्यांवर ४० अश्वशक्ती देते, तेही १७६ किलोंच्या गाडीत. मात्र एक गोष्ट मनात पक्की असावी : ही गाडी दिसायला जुनी आहे, स्वभावाने नाही. तिच्या सिलिंडरचा व्यास ८९ मिलिमीटर, म्हणजे साताऱ्याच्या वाचकांच्या स्पोर्ट्‌स बाइकइतकाच आहे, स्ट्रोक ६४ आहे, आणि टॉर्क साडेसहा हजार फेऱ्यांवर भरास येतो. ज्यांना निवांत ठोक्यांची चाल हवी आहे त्यांची निराशा होण्याचा संभव आहे. ती चाल हवी असेल तर होंडाची सीबी३५० पाहावी. ७० मिलिमीटर व्यास आणि ९०.५ मिलिमीटर स्ट्रोक असलेले तिचे इंजिन तीन हजार फेऱ्यांवरच ३० न्यूटन-मीटर टॉर्क देते. वेग आणि शांतपणा दोन्ही खऱ्या अर्थाने एकत्र हवे असतील तर मला रॉयल एनफिल्डची ६४८ सीसीची, दोन सिलिंडरांची इंटरसेप्टर अधिक आवडते : ४७ अश्वशक्ती, आणि शंभराच्या वेगालाही इंजिन निवांत.

किमतीचा विचार मात्र आता निराळा झाला आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या मोटरसायकलींवरचा वस्तू व सेवा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आणि त्यावरच्या मोटरसायकलींवर तो ४० टक्के झाला. त्यामुळे क्लासिक आणि सीबी३५० एका बाजूला, तर ४०० आणि ६५० सीसीच्या गाड्या दुसऱ्या बाजूला, असे अंतर वाढले आहे. सातशे-आठशे किलोमीटरचा प्रवास वारंवार करणाऱ्यालाच हे जास्तीचे पैसे सार्थकी लागतील.

प्रश्न (म्हापसा, गोवा) : वडिलांची १९८६ सालची बुलेट घरात आहे आणि चालू स्थितीत आहे. मी रोज आधुनिक स्पोर्ट्‌स बाइक चालवतो. रविवारी बुलेट काढावी असे मनात येते, पण वडील म्हणतात की दोन्ही गाड्या एकाच वेळी चालवू नयेत. त्यांना कशाची भीती वाटत असावी?

उत्तर : आपल्या वडिलांच्या बोलण्यात मोठे तथ्य आहे. त्या काळच्या बुलेटचा गिअर उजव्या पायाशी असतो आणि मागचा ब्रेक डाव्या पायाशी. पहिला गिअर वर उचलून पडतो आणि पुढचे खाली दाबून. आता कल्पना करावी : शिवोलीच्या अरुंद रस्त्यावर समोर अचानक गाय येते, सवयीने आपला उजवा पाय जोरात खाली जातो, आणि ब्रेक लागण्याऐवजी गाडी वरच्या गिअरमध्ये जाते. संकटात माणूस विचाराने वागत नाही, सवयीने वागतो, म्हणून ही गफलत कितीही निष्णात चालकाकडून होऊ शकते. त्यातून त्या गाडीला दोन्हीकडे ड्रम ब्रेक आहेत आणि एबीएस नाही. आपल्या रोजच्या गाडीचा डिस्क ब्रेक दोन बोटांनी जे काम करतो, त्यासाठी इथे चारही बोटे लावून वेळेआधीच सुरुवात करावी लागते.

तरीही मी आपल्याला बुलेट काढू नका असे सांगणार नाही. १९५५ साली मद्रासमध्ये इंग्लंडहून आलेल्या सुट्या भागांची जोडणी करून सुरू झालेली ही गाडी, इंग्लंडमधल्या मूळ कंपनीचे उत्पादन १९७० च्या सुमारास बंद पडल्यावरही आपल्याकडे जवळपास त्याच रूपात बनत राहिली. आपल्या घरात आहे ती त्या परंपरेची गाडी आहे आणि ती उभी राहून गंजण्यापेक्षा चालती राहावी असे मला फार वाटते. बुलेट काढाल त्या दिवशी दिवसभर केवळ तीच चालवावी. निघण्यापूर्वी मोकळ्या जागेत उजव्या पायाने सगळे गिअर आणि डाव्या पायाने ब्रेक अशी उजळणी करावी, आणि वेग पन्नास-साठच्या आत ठेवावा. ओतीव लोखंडाचा सिलिंडर असलेले ते इंजिन तापायला वेळ घेते आणि तापले की उष्णता लवकर सोडत नाही, म्हणून सुरू केल्याबरोबर जोर देऊ नये आणि लांबच्या चढावर त्याला मध्ये विसावा द्यावा.

सुरू करण्याची रीत वडिलांकडूनच शिकावी. चावी दिल्यावर किक हळूहळू दाबत अँपिअर मीटरचा काटा मध्यावर येताना पाहायचा, सिलिंडरमधला दाब सोडणारी डिकॉम्प्रेशनची लिव्हर ओढून पिस्टन किंचित पुढे सरकवायचा, लिव्हर सोडायची, किक पुन्हा वर येऊ द्यायची आणि मग एकाच दमात पूर्ण खालपर्यंत मारायची. घाईने अर्धवट किक मारली तर ती उलटून घोट्यावर येते. ठिणगीची वेळ ठरवणाऱ्या कॉन्टॅक्ट पॉइंटची फट आणि झडपा उघडणारे टॅपेट यांची जुळवणी घरच्या घरी करता येते. ती ज्याला येते त्याला ही गाडी वाटेत सहसा अडवत नाही. नोंदणीची पंधरा वर्षे केव्हाच उलटलेली असल्यामुळे दर पाच वर्षांनी करावे लागणारे नूतनीकरण चालू आहे की नाही, हेही कागदपत्रांत पाहून घ्यावे.

प्रश्न (नागपूर) : आमच्या गटात बहुतेकांकडे वेगवान गाड्या आहेत आणि माझ्याकडे एकट्याकडे क्लासिक. चिखलदऱ्याला जाताना मी नेहमी मागे पडतो आणि मग त्यांना गाठण्यासाठी गाडी ताणतो. उपाय सुचवावा.

उत्तर : गाठण्यासाठी ताणणे आजपासून थांबवावे. शंभर किलोमीटरचे अंतर सरासरी नव्वदने कापले तर सदुसष्ट मिनिटे लागतात आणि पंचाहत्तरने ऐंशी मिनिटे. फरक तेरा मिनिटांचा आहे, म्हणजे चहाच्या एका थांब्याइतका. एवढ्यासाठी इंजिन आणि स्वतःचे मन दोन्ही ताणावर ठेवण्याचे कारण नाही. गटात सर्वांत संथ गाडी शेवटी ठेवणे ही मूळ चूक आहे : शेवटच्या माणसाला पुढच्या प्रत्येकाच्या ओव्हरटेकची भरपाई करावी लागते, त्यामुळे त्याचाच वेग सर्वांत जास्त चढतो. संथ गाडी म्होरक्याच्या लगेच मागे असावी आणि म्होरक्याने आरशात तिला पाहत वेग ठरवावा. शेवटी अनुभवी चालक आणि वेगवान गाडी असावी. हे मित्रांना मान्य नसेल तर थांबण्याची ठिकाणे निघण्यापूर्वीच ठरवून घ्यावीत, आणि प्रत्येकाने आपापल्या चालीने तिथवर यावे. घाट लागला की आपल्याला फार काही गमवावे लागणार नाही, कारण चिखलदऱ्याच्या चढावर वळणेच सर्वांना एका मापात आणतात.

प्रश्न (रत्नागिरी) : पावसाळा आणि खारी हवा यांत जुन्या घडणीची, क्रोमची आणि आऱ्यांच्या चाकांची गाडी टिकेल का?

उत्तर : टिकेल, पण सेवा करून घेईल. आऱ्यांच्या बहुतेक चाकांत ट्यूब असते, त्यामुळे पंक्चर झाले की चाक उतरवावेच लागते. अलॉयच्या चाकांत ट्यूबलेस टायर असल्याने रस्त्याच्या कडेला पाच मिनिटांत प्लग घालून पुढे जाता येते. आंबा घाटात भर पावसात संध्याकाळी अडकण्याची शक्यता असणाऱ्याने देखणेपणा बाजूला ठेवून अलॉय चाकांची गाडी घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. समुद्रालगत फिरून आल्यावर गाडी गोड्या पाण्याने धुवावी, पुसून कोरडी करावी, आणि आऱ्यांची मुळे, सायलेन्सरचा सांधा व स्टँडचा खिळा या जागी तेलाचा पातळ हात फिरवावा, कारण गंज तिथूनच सुरू होतो. चेन मात्र पावसाळ्यात दर तीनशे-चारशे किलोमीटरला साफ करून वंगण घालावी. हे स्पोर्ट्‌स बाइकलाही तितकेच लागू आहे.